टॉप गियर सुटण्याचे मूळ

उतारावर ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की टॉप गियर आपोआप न्यूट्रलला येतो, ही जीपच्या घराण्यातल्या जुन्या पिकअपची नेहमीची तक्रार आहे. तिच्यावरचा उपायही ठरलेला आहे: वरचे झाकण काढून गियर जागेवर धरणारी गोळी-स्प्रिंग बदलायची, आणि तेवढ्याने भागले नाही तर गियर टाकताना वेग जुळवणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगा नव्या घालायच्या. जांबोटीच्या बाजूने बेळगावात आमच्या गॅरेजला आलेल्या एका जुन्या महिंद्रा पिकअपवर हे सगळे उपाय वेगवेगळ्या ठिकाणी होऊन गेले होते. काही महिने गाडी बरी चालायची आणि गियर पुन्हा सुटू लागायचा.

गाडी मालकांच्या वडिलांनी घेतलेली. तिच्या कागदांवर अजून म्हैसूर राज्याचे नाव आहे, म्हणजे ती १९७३ च्या नोव्हेंबरपूर्वी नोंदलेली. मूळचे पेट्रोल इंजिन मधल्या काळात कुठेतरी काढून डिझेल बसवले होते, पण गियरबॉक्स तोच राहिला होता, विलिसकडून आलेला तीन गियरचा टी-९०. बिडाच्या जाड पेटीचा हा बॉक्स नीट बसवला तर माणसाच्या हयातीला पुरतो, असे माझे मत आहे. त्याच्या पहिल्या गियरला सिंक्रो नाही, म्हणून गाडी थांबल्यावरच तो टाकावा लागतो. दुसऱ्या गियरचे प्रमाण साधारण १.५५ ला १ असते, आणि तिसरा, म्हणजे टॉप, थेट असतो, त्यात इंजिनाकडून येणारा क्लच शाफ्ट आणि चाकांकडे जाणारा मेन शाफ्ट एकत्र जोडले जाऊन सारख्याच वेगाने फिरतात.

गाडीच्या मालकांबरोबर, म्हणजे काकांबरोबर, त्यांचा मुलगाही आला होता. जुना बॉक्स काढून पाच गियरचा बसवावा, असा त्याचा आग्रह होता आणि त्यासाठी त्याने पैशांची तजवीजही केली होती. काका मात्र म्हणाले, "मेस्त्री, चोर्ला घाटात दुसऱ्यात कधी सुटत नाही बघा. कणकुंबी सोडून जांबोटीकडं येताना टॉपमध्ये असलं की मगच सुटतो."

त्या एका वाक्याने माझ्या तपासाची दिशा ठरली. दुसरा आणि टॉप हे दोन्ही गियर एकाच स्लीव्हवर, म्हणजे मेन शाफ्टवर पुढेमागे सरकणाऱ्या दातेरी कड्यावर, चालतात. स्लीव्ह मागे सरकली की दुसरा लागतो आणि पुढे सरकली की टॉप. तिला सरकवणारा शिफ्टिंग फोर्क किंवा स्लीव्ह नुसती झिजली असती तर घाटात इंजिनाचा ब्रेक लागताना दुसऱ्यानेही कधीतरी त्रास दिला असता. फक्त टॉप सुटतो याचा अर्थ दोष क्लच शाफ्टच्या बाजूला असण्याची शक्यता अधिक होती, आणि क्लच शाफ्टचे पुढचे टोक बॉक्सच्या बाहेर, इंजिनाच्या क्रँकशाफ्टमधल्या पायलट बुशात, म्हणजे त्या टोकाला आधार देणाऱ्या छोट्या नळीत, टेकलेले असते.

बॉक्स उतरवून उघडला तेव्हा क्लच शाफ्टवरचे छोटे दात, ज्यांवर स्लीव्ह येऊन बसते, ते टोकाकडे निमुळते झालेले दिसले. असे दात स्लीव्हला धरून ठेवत नाहीत, भार उलटला की तिला मागे ढकलतात. मुलाला ते दाखवताच तो म्हणाला, "म्हणजे बॉक्स गेलाच की." मी त्याला पायलट बुश बघायला सांगितले. त्याचे भोक झिजून मोठे झाले होते. नुसत्या बॉक्समधल्या बिघाडाने हे बुश सहसा इतके खात नाही. ते असे खाते तेव्हा बहुधा क्रँकशाफ्टचा मध्य आणि गियरबॉक्सचा मध्य एका रेषेत नसतात.

मग क्लच प्लेट आणि कव्हर काढून क्रँकवरच्या फ्लायव्हीलवर डायल गेज, म्हणजे बारीक फरक काट्याने दाखवणारे मापयंत्र, लावला. त्याचे टोक इंजिन आणि गियरबॉक्स जोडणाऱ्या बेल हाऊसिंगच्या त्या गोल भोकात टेकवले, ज्यात गियरबॉक्सची पुढची कडी बसते, आणि क्रँक हाताने सावकाश फिरवत गेलो. काटा एका बाजूला गेला, परत आला, दुसऱ्या बाजूला गेला. पूर्ण फेऱ्यात फरक भरला २४ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे ०.६ मिलिमीटर. गेज दोन्ही बाजूंचा फरक एकत्र दाखवतो, त्यामुळे मध्य प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याने, ०.३ मिलिमीटरने, सरकलेला होता. डोळ्याला हे अंतर दिसत नाही. पण अशा जुन्या बॉक्सांना गेजवर १० थाऊंपर्यंतचा फरक चालतो असे मानतात, आणि चांगले काम करणारा त्याच्याही निम्म्यावर आणल्याशिवाय सोडत नाही. एवढा मध्य चुकला की क्लच शाफ्ट किंचित तिरपा राहतो, आणि टॉपमध्ये प्रत्येक फेऱ्याला स्लीव्ह थोडी डोलते व डोलत डोलत मागे सरकते.

कारण लगेच सापडले. डिझेल इंजिन बसवताना जोडणीसाठी मध्ये एक अडॅप्टर प्लेट घातली होती आणि तिला भोकात घट्ट बसणाऱ्या डॉवेल पिनच नव्हत्या. सगळी प्लेट नुसत्या बोल्टांवर धरलेली होती, आणि बोल्टाच्या भोकात नेहमीच थोडी मोकळीक असते. बोल्ट आवळायचे काम आहे, मध्य राखायचे काम डॉवेलचे आहे. इतके दिवस चाललेले सगळे उपाय म्हणजे जखम मांडीला आणि मलम शेंडीला!

प्लेटचे बोल्ट सैल करून, गेज तसाच ठेवून, तांब्याच्या हातोडीने हलके टोले देत प्लेट सरकवायला सुरुवात केली. हे काम घाईने होत नाही. एका दिशेचा फरक गेला की दुसऱ्या दिशेचा थोडा वाढतो, आणि बोल्ट आवळताना जमलेले पुन्हा हलते. संध्याकाळपर्यंत काटा २ थाऊंच्या आत स्थिरावला. मग बेल हाऊसिंगच्या तोंडावर गेज फिरवून तेही सरळ असल्याची खात्री केली. हे माप घेताना क्रँक एका बाजूला दाबून धरावा लागतो, नाहीतर त्याचीच पुढेमागे होणारी हालचाल गेजमध्ये मिसळते. उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतले माझे ओळखीचे कन्नडभाषक टर्नर भोक अचूक मापाला आणणारा त्यांचा रीमर घेऊन स्वतः आले. प्लेट जागेवर असतानाच त्यांनी आरपार भोके रीम केली, मापाच्या पिन बनवून ठोकल्या, आणि मी गेज पुन्हा फिरवून दाखवला तेव्हा काटा बघून "सरी आय्तु", म्हणजे बरोबर झाले, असे म्हणाले.

त्यानंतरची बांधणी नेहमीसारखी झाली. क्लच शाफ्ट, स्लीव्ह, हब, रिंगा आणि बेअरिंगा नव्या घातल्या. ले शाफ्टमधले सुईसारखे रोलर ग्रीसने चिकटवून बसवले आणि थ्रस्ट वॉशर बदलले. नवे पायलट बुश रात्रभर तेलात बुडवून मगच ठोकले. तेल ९० नंबरचे घातले, पण जीएल-४ दर्जाचे, कारण जीएल-५ मधली गंधकयुक्त द्रव्ये पितळी रिंगांना खाऊ शकतात.

चाचणीला काका स्वतः गाडीवर बसले. कणकुंबीपासूनच्या उतारांवर त्यांनी मुद्दाम पुन्हा पुन्हा पाय काढला आणि टॉप जागेवर राहिला. परतताना मुलाने पाच गियरचा विषय पुन्हा काढला. बसवायचा असेल तर अवश्य बसवू, असे मी त्याला मनापासून सांगितले. पण आधीच्या प्लेटवर तो बसवला असता तर त्याचेही बुश आणि दात याच वाटेने गेले असते. गेजची आधीची आणि नंतरची मापे कागदावर लिहून त्याला दिली आणि पुढे कोणीही बॉक्स उतरवला तरी बसवण्याआधी हे माप घ्यायला लावायचे, असे बजावले. पाच गियरचे काय करायचे ते त्याने अजून ठरवलेले नाही.