शँक-३ चा बँड फिका आला तर

ऑटिझमच्या म्यूटंट उंदरांमध्ये वेस्टर्न ब्लॉटवर (प्रोटीन जेलमध्ये आकारानुसार वेगळी करून पडद्यावर उतरवण्याची पद्धत) शँक-३ या प्रोटीनचा बँड, म्हणजे पट्टा, फिका दिसला, की ‘प्रोटीन कमी झालं’ असं लगेच वहीत लिहू नका. पुष्कळदा ते मेंदूत नाही, टेबलावरच कमी झालेलं असतं.

हे प्रोटीन सायनॅप्सच्या, म्हणजे दोन न्यूरॉनच्या सांध्याच्या, पलीकडच्या बाजूला, ग्लुटामेट रिसेप्टरांच्या खाली असतं. आकार चांगलाच मोठा, सुमारे १९० किलोडाल्टन. त्यात एकाच जनुकाला अनेक प्रमोटर (जनुक वाचायला सुरुवात होते त्या जागा), म्हणून प्रोटीनची लहानमोठी रूपं, त्यामुळे ब्लॉटवर एक बँड न दिसता शिडीच दिसते. खालचे बँड कचरा समजून कापू नका. शेजारी नॉकआउटचा, म्हणजे हे जनुक निकामी केलेल्या उंदराचा, नमुना लावा. पण १३ ते १६ हे एक्झॉन (जनुकाचे तुकडे) काढलेल्या उंदरात छोटी रूपं उरतात, तेव्हा तिथे पूर्ण कोरी लेन (जेलमधली एका नमुन्याची रांग) शोधत बसू नका.

स्ट्रायटम (मेंदूचा आतला एक भाग) बर्फावर काढायचं, झटपट. बफर: ०.३२ मोलर सुक्रोज, ४ मिलिमोलर हेपेस, पीएच ७.४. पीएमएसएफ (प्रोटीन तोडणारी एन्झाइम रोखणारं रसायन) अगदी ऐनवेळी घाला, पाण्यात ते तासा-दोन तासांत निकामी होतं. काच-टेफ्लॉनच्या होमोजिनायझरमध्ये १२ फेरे, फेस न आणता. मग सेंट्रिफ्यूजमध्ये १००० जी ला १० मिनिटं. वरचं पाणी १०,००० जी ला १५ मिनिटं. तळाशी बसतात ते कच्चे सायनॅप्टोसोम, म्हणजे सायनॅप्सचे सुटे तुकडे. एप्रिलातल्या पुण्यात रोटर आदल्या रात्रीच कोल्ड रूममध्ये ठेवलेला बरा.

बीसीए (प्रोटीन मोजायची चाचणी) आधी, डीटीटी (नमुन्यात घालायचं रिड्यूसिंग रसायन) नंतर. उलट केलंत तर आकडा फुगतो. लेनला २० मायक्रोग्रॅम. नमुना ९५ अंशांवर उकळलात तर रिसेप्टरांच्या गुठळ्या होऊन त्या जेलच्या विहिरीतच (नमुना भरायच्या खाचेत) अडकतात. ७० अंश, १० मिनिटं पुरे.

खरा घोळ ट्रान्स्फरमध्ये, म्हणजे प्रोटीन जेलमधून पडद्यावर उतरवताना, होतो. अर्ध्या तासाच्या सेमी-ड्राय (कमी बफरच्या) ट्रान्स्फरमध्ये ॲक्टिन हे तुलनेसाठी वापरलं जाणारं छोटं प्रोटीन छान उतरतं आणि शँक जेलमध्येच बसून राहतं. ६ टक्के जेल, मिथेनॉल १० टक्क्यांवर, ०.०५ टक्के एसडीएस, ४ अंशांत ३० व्होल्टवर रात्रभर. नंतर जेल कुमॅसी या प्रोटीन रंगवणाऱ्या रंगात टाकून पाहा, मागे काय राहिलं ते दिसतं. (गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाणारा भाग असेल, तर बुधवारी रात्री हे लावू नका.)

जेलच्या दोन टोकांना ट्रान्स्फर सारखं होत नाही. सगळे कंट्रोल डावीकडे आणि म्यूटंट उजवीकडे लावलेत तर ‘फरक’ आयताच मिळतो. लेन आलटून-पालटून लावा, भावंडंच कंट्रोल घ्या. २० मायक्रोग्रॅमला ॲक्टिन बहुधा सॅच्युरेट होतं, म्हणून शँकच्या आकड्याला भागायचं ते पॉन्सो या रंगाने पडद्यावर दिसणाऱ्या लेनच्या एकूण प्रोटीनने. आणि एका उंदराच्या तीन लेन म्हणजे एन (नमुनासंख्या) तीन नव्हे, एकच.