दगड जरा मागे घे

वैशाखातला रविवार. जेवण झाल्यावर माडीवर गेलो तर पुतण्या फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा फरशीवर अंथरून त्यावर दगड मांडत बसलेला. पुठ्ठ्यावर स्केचपेनने आखलेला तीन फूट बाय दीड फूट चौकोन, बाजूला तेवढ्याच मापाची रिकामी काचेची टाकी. गप्पी आणि गोल्डफिश त्याचे शाळेत असतानाच पाळून झालेत. आता साहेबांना समुद्र पाहिजे. प्रवाळासकट. तोही बेळगावात, समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांवर.

मी उभ्याउभ्याच म्हणालो, "तो डावीकडचा जरा मागे घे की."

त्याने मानसुद्धा वर केली नाही. "आजी पुढं घे म्हणालीय. सकाळी दूधवाला आलेला, तो काढूनच टाक म्हणाला. आता तुम्ही मागं घे म्हणालाय."

दूधवाल्याचं मला काही नवल वाटलं नाही. वर्तमानपत्र वाचणाऱ्याला कुणी मधल्या पानापासून वाच म्हणत नाही, भाजी निवडणाऱ्या बाईला कुणी शिकवायला जात नाही. पण दगड रचणारा माणूस दिसला की जाणाऱ्या-येणाऱ्याचा हात शिवशिवायला लागतो.

बेळगावातच, शहापूरला आमच्या गल्लीत दिवाळीचा किल्ला वसुबारसेच्या आधीच उभा राहायचा. दगड कुणाच्या तरी बांधकामावरचे, मालक दुपारी आडवा झाला की आणलेले. त्यावर किंतान, किंतानावर कालवलेली तांबडी माती, मातीत मोहरी. विहीर करवंटीची. गुहेतला प्लास्टिकचा वाघ सिंहासनावरच्या महाराजांपेक्षा थोराड असायचा, त्याचं कुणाला काही वाटत नसे. आणि मग मोठी माणसं यायला लागायची. सायकल थांबायची, एक पाय पेडलवर तसाच. "बुरूज जरा मागं घे रे." काही जण बोलायचेसुद्धा नाहीत. सरळ वाकायचे, बुरूज उचलायचे, चार बोटं सरकवायचे, हात झटकून निघून जायचे. आम्ही तो परत जागेवर आणायचो. संध्याकाळी दुसरं कुणीतरी तोच बुरूज उलट्या बाजूला सरकवायचं. माती ओली असेपर्यंत हे चालायचं.

समोरचे आण्णा तेवढे हात लावत नसत. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत ते मोल्डर होते. किल्ल्यापाशी उकिडवे बसून आत काडी घालून बघायचे आणि म्हणायचे, "पोटात हवा ठेव. गच्च भरलंस की फुटतंय." वाळूच्या साच्याला तारेने बारीक भोकं पाडून आतल्या वायूला वाट करून द्यावी लागते, नाहीतर तापलेलं लोखंड ओतल्यावर कास्टिंगला आतून पोकळ फुगे धरतात. जन्मभर त्यांनी तेच केलेलं. मातीच्या किल्ल्यात काय डोंबल फुटणार, असं म्हणून आम्ही आणखी दोन दगड कोंबायचो.

पुतण्याचे दगड मात्र वेगळे. पांढरट, सगळीकडून भोकाभोकांचे, कारखान्यात बनवलेले. समुद्रातून खरे उचलून आणायची सोय नाही, आणि नसावीच. दगडी प्रवाळांना आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे. मुर्डेश्वरहून होडीने नेत्राणी बेटापर्यंत गेलं की पाण्यात उतरून ते जागच्या जागी बघता येतात, तेवढं पुरे. वहिनी म्हणाली, "मग जांबोटीकडं जांभा पडलाय की ढिगानं. त्यालाबी भोकं आहेत." जांभ्यात लोह फार, असं तिला सांगण्यात आलं. त्यावर आईने चोर्ला घाट उतरून गोव्याचं पाणी कॅनमधून आणायची योजना मांडली. तीही नामंजूर. किनाऱ्याजवळच्या पाण्यात काय काय मिसळलेलं असतं कोण जाणे. त्यापेक्षा राकसकोप धरणातून येणारं नळाचं पाणी आर.ओ.मधून काढायचं आणि लिटरला 35 ग्रॅमच्या हिशोबाने त्यात मीठ विरघळवायचं. म्हणजे त्या टाकीला सहा किलोच्या वर मीठ. ते डब्यातलं चालत नाही, कॅल्शियम, मॅग्नेशियम सगळं समुद्राच्या मापात घातलेलं वेगळं मिळतं. आईने त्याची किंमत विचारली. कुणी सांगितली नाही.

इकडे पुतण्या दगड कमीच करत चाललेला. पूर्वी म्हणे एवढ्या टाकीत वीस-पंचवीस किलो दगड मागच्या काचेला टेकवून भिंतीसारखे रचायचे. आता निम्म्यात भागवतात. दोन बेटं, एक उंच, एक बुटकं, मध्ये खिंड. पंपाने उठवलेलं पाणी सगळ्या बाजूंनी खेळलं पाहिजे, जिथं ते थबकतं तिथं गाळ बसतो. काचेला लागून काही नको, हात जाईल एवढी फट ठेवायची, नाहीतर उद्या काचेवरचं शेवाळ कोण पुसणार? आणि दगड आधी, वाळू नंतर. वाळूवर रचलेले दगड बिळं करणारे गोबी मासे खालून पोखरतात, मग एखाद्या रात्री सगळा डोलारा काचेवर. हे सगळं ऐकताना मला सारखे आण्णा आठवत होते. त्यांना टाकीतलं काही कळलं नसतं. "पोटात हवा" एवढं मात्र त्यांनी बरोबर पकडलं असतं.

सांधे तो सुपरग्लूने चिकटवत होता, वर चिमूटभर कोरडी वाळू टाकली की लगेच दगडासारखं घट्ट होतं. मी म्हणालो, अरे, सिंधुदुर्गाच्या पायात महाराजांनी शिसं ओतलं, 1664 मध्ये काम काढलं ते अजून लाटा खात उभं आहे, तुझ्या या ट्यूबचं काय सांगतोस? तो म्हणाला, "शिसं नको, तांबं तर नकोच नको. तांब्याचा नुसता अंश गेला तरी आतली कोळंबी मरत्यात." किल्ल्याच्या विषयात मला गप्प करणारा घरात हा पहिलाच.

मला एक खोड आहे. मांडलेल्या वस्तूची मागची बाजू बघितल्याशिवाय चैन पडत नाही. गणपतीच्या मखराची, लग्नातल्या स्टेजची, दुकानाच्या शोकेसची. पुढून मखमल आणि मागून सुतळी, खिळे, गेल्या वर्षीचा कागद. बायको यावरून चारचौघांत बोलते. आमच्या किल्ल्याची मागची बाजू तर सांगायलाच नको, फुटक्या विटा आणि उघडं किंतान. पण एका वर्षी त्या विटांच्या कपारीत एक बेडूक येऊन राहिला. वाघाच्या गुहेकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. पुढून लोक महाराजांना नमस्कार करत होते आणि मागे हा सुखाने गाल फुगवत बसलेला.

म्हणून मी पुठ्ठ्याला वळसा घालून पलीकडे गेलो. पलीकडून ते दोन डोंगर जास्त चांगले दिसत होते. एक कमान होती, तिच्याखाली तिरकी कपार, पुढून पत्ताच लागत नव्हता. मी म्हणालो, ही बाजू पुढं कर की. तर म्हणाला, नको, ती माशांची. घाबरले की त्यांना दडायला जागा लागते, नाहीतर एकमेकांना हुसकावत राहतात. मग हेही म्हणाला की एवढं करून क्लाउनफिश बहुतेक पंपाजवळच्या कोपऱ्यातच राहतील, त्यांना गुहाबिहा काही नको असते. हे तो अगदी आनंदाने सांगत होता.

आणि मासे तरी लगेच कुठे? आधी चार-सहा आठवडे नुसतं पाणी आणि दगड. त्या भोकांत जिवाणू वस्तीला येणार, अमोनियाचं नायट्राइट करणार, नायट्राइटचं नायट्रेट, तेव्हा कुठे पाणी जगण्याजोगं होणार. मधेच दगडांवर तपकिरी बुरा चढेल, त्याला घाबरायचं नाही, आपोआप जातो. तोवर टाकीत बघण्यासारखं दगडांशिवाय काही नाही. म्हणजे महिना-दीड महिना घरात येणारा प्रत्येक जण काचेपुढे उभा राहणार, आणि चिकटवून टाकलेल्या त्या डोंगरांकडे बोट दाखवून काय म्हणणार हे मला ठाऊक आहे. पुतण्यालाही ठाऊक असावं. तो म्हणे टाकीला वरून झाकणाची जाळी करून घेणार आहे. मासे उडी मारतात म्हणून, असं सांगतोय.

तीन-चार दगड उरले. वहिनीने त्यातला एक मागून घेतला. खारातल्या कैऱ्या वर तरंगत होत्या, त्यांच्यावर दाबायला काहीतरी हवं होतं. हातात घेऊन तिने तो तोलून बघितला आणि परत पुठ्ठ्यावर ठेवला.

"ह्याला वजनच नाही की."