हात सोडवण्याचा खेळ

लहान मुलांना रिसायकलिंग समजावताना मोठ्यांना फार गहिवरून येतं. पृथ्वी रडते, झाड रडतं, पोस्टरवरचं कासवही रडतं. मुलं तेवढ्यापुरती गंभीर होतात आणि मग एखादं विचारतं, "पण जुना डबा वितळवायलाही आग लागतेच ना? मग वाचलं काय?"

याचं उत्तर रडक्या कासवाकडे नाही, ॲल्युमिनियमकडे आहे. बॉक्साइट या त्याच्या खनिजात हा धातू ऑक्सिजनला असा काही धरून बसलेला असतो की साध्या भट्टीला तो दाद देत नाही. मी दोन मुलांना एकमेकांची मनगटं घट्ट पकडायला लावते आणि बाकीच्यांना म्हणते, सोडवा. मग काय विचारता! दातओठ खाऊन ओढाओढी, कुणीतरी धपकन खाली, कुणाची बाही उसवलेली. एकदाचे हात सुटले की त्या दोघांना सांगायचं, आता त्या कोपऱ्यात जाऊन उभे राहा. ती निवांत चालत जातात. ओढाओढी म्हणजे खनिजातून नवा धातू काढणं. चालत जाणं म्हणजे जुना डबा वितळवणं. त्याला ६६० अंश सेल्सियस लागतात, पण सोडवासोडवी पुन्हा करावी लागत नाही. म्हणून जवळजवळ ९५ टक्के ऊर्जा वाचते.

टक्के मुलांच्या डोक्यावरून जातात, दिवा जात नाही. एक किलो ॲल्युमिनियम विजेने सुटं करायला साधारण १४ युनिट लागतात. शीतपेयाचा रिकामा डबा भरतो जेमतेम १४ ग्रॅम. तो तळहातावर ठेवायचा आणि सांगायचं, याच्या विजेवर ९ वॅटचा दिवा वीस तासांहून जास्त जळेल. मुलं डबा उलटासुलटा करून बघतात, दिवा आत असल्यासारखा. (विजेची ही युक्ती १८८६ मध्ये अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू यांनी वेगवेगळी शोधली. दोघांचा जन्म १८६३चा, मृत्यू १९१४चा. मुलांना विजेपेक्षा हेच जास्त आवडतं.)

काचेपाशी मात्र आमचा खेळ फसतो. वाळू काय, फुटकी बाटली काय, भट्टी १५०० अंशांच्या आसपास तापवावीच लागते. फुटकी काच मिसळली तर थोडी बचत होते, दर १० टक्क्यांमागे तीनेक टक्के. हे मुलांपासून लपवू नये. सगळीकडे सारखाच फायदा असं सांगितलं, तर पुढचा प्रश्न आपल्यालाच अडचणीत आणतो.

आणि तो येतोच: "मग बाटली फोडायचीच कशाला? धुऊन परत भरू की!" अगदी बरोबर. धुवायला गरम पाणी लागेल, भरायच्या जागी परत न्यायला गाडी लागेल, पण भट्टीचं काम उरत नाही.