मस्कतची फ्रेम: सोळापैकी अकरा पानं झाली

माझ्या टपाल तिकिटांच्या फ्रेममध्ये, म्हणजे प्रदर्शनात पानं मांडायच्या चौकटीत, दिवाळीआधी लावलेली सगळी पानं गेल्या आठवड्यात उचकटली आणि मांडणी पहिल्यापासून सुरू केली. आधी ओमानची तिकिटं सुलतानांच्या क्रमाने लावली होती. पानं देखणी होती, पण देशाचं काय झालं ते त्यातून कळत नव्हतं. आता चलनाप्रमाणे लावतोय: आणे, नये पैसे, बैसा, रियाल. सोळा पानांच्या फ्रेममधली अकरा पानं माउंटसकट (तिकिटं बसवायच्या पारदर्शक पट्ट्यांसकट) तयार आहेत आणि या मांडणीवर मी मनापासून खूश आहे.

पहिलं पान आपल्या मुंबईचं म्हणायला हवं. मस्कतला भारतीय टपाल कचेरी १८६४ साली उघडली आणि ती सुरुवातीला टपाल खात्याच्या मुंबई सर्कलखाली (विभागाखाली) होती. कच्छचे भाटिया व्यापारी तिथे पिढ्यानपिढ्या पेढ्या चालवत होते, व्यवहार रुपयांत होत होता, मग तिकीटही भारताचंच. त्या काळातलं माझ्याकडे एकच आहे: व्हिक्टोरिया राणीचं अर्ध्या आण्याचं, शिक्क्यात मस्कतची शेवटची चार इंग्रजी अक्षरं उमटलेली. कोपऱ्याची दोन दातं गेलीत, तरी ते मी फ्रेममधून काढणार नाही. त्याच्या शेजारी व्यापाराबद्दल चार ओळी लिहिल्यात. ओमानमध्ये मबसली जातीचे कच्चे खजूर मोठ्या कढयांमध्ये उकळून उन्हात वाळवतात आणि तो माल मुख्यतः भारतात येत आला आहे. आपल्या डिंकाच्या लाडवातली खारीक ती हीच. लहानपणापासून खातोय, पण तिचा गाव मला तिकिटांनी दाखवला.

दुसऱ्या पानावर १९४४चा ओव्हरप्रिंट, म्हणजे तयार तिकिटावर वरून केलेली छपाई. आल बुसैद घराण्याच्या राज्याला दोनशे वर्षं झाली म्हणून भारताच्या सहाव्या जॉर्जच्या तिकिटांवर अरबी लिपीत घराण्याचं नाव आणि हिजरी साल १३६३ छापलं. भिंगाखाली धरलं की राजाच्या चेहऱ्यावर ओळीने बसलेली काळी शाई दिसते. तिकीट तिरकं करून उजेडात पाहिलं तर शाईची किंचित चमकही. एका छोट्याशा कागदावर लंडनचा राजा, दिल्लीचं सरकार आणि मस्कतचं घराणं असे तिघे एकत्र आहेत. माझ्या मते हा अख्ख्या आखाताच्या तिकीटसंग्रहातला सर्वांत बोलका सेट आहे.

फाळणीनंतर काही महिने तिथलं टपाल पाकिस्तानने सांभाळलं आणि १९४८पासून ब्रिटिशांनी. इथून संग्राहकाची खरी कसोटी लागते. ब्रिटनच्या तिकिटांवर फक्त आण्या-रुपयांची किंमत छापली, देशाचं नावच नाही. हीच तिकिटं दुबईत आणि दोह्यातही चालत. म्हणजे तिकीट मस्कतचं आहे की नाही हे फक्त शिक्का सांगतो. मागच्या महिन्यात एका विक्रेत्याने 'मस्कत, वापरलेलं' म्हणून पाठवलेल्या पाच तिकिटांपैकी तीन घरी भिंगाखाली दुबईची निघाली. पैसे गेले त्याहून जास्त वाईट वाटलं ते पान पुन्हा रिकामं झालं म्हणून. तुम्ही घ्याल तेव्हा शिक्क्याचा मोठा फोटो मागवल्याशिवाय होकार देऊ नका.

१ एप्रिल १९५७ला भारतात नये पैसे आले, शंभरांचा एक रुपया, आणि मस्कतला एलिझाबेथ राणीच्या तिकिटांवरही नये पैसे उमटले. ब्रिटिश टपाल, ओमानचं बंदर आणि हिशेब दिल्लीने ठरवलेला! १९५९मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या रंगांच्या नोटाही काढल्या, कारण रुपयांच्या बदल्यात सोन्याची चोरटी आयात होऊन परकीय चलन गळत होतं.

आता माझं आवडतं पान. १९६६च्या एप्रिलअखेर 'मस्कत आणि ओमान'ने (देशाचं तेव्हाचं नाव) स्वतःची तिकिटं काढली. त्यांवर किल्ले आहेत: नखल, समाइल, सोहार, निझवा. आणि किंमत? बैसा. ६४ बैशांचा एक रुपया. अरबीत 'प' नाही, म्हणून पैशाचा बैसा झाला. आपण चौसष्ट पैशांचा हिशेब नऊ वर्षांपूर्वी मोडीत काढला होता, तो तिथे नव्या कोऱ्या तिकिटांवर जिवंत राहिला. त्याच वर्षी जूनमध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं, बाकीच्या आखाताने रुपया सोडला, ओमानने १९७०पर्यंत धरून ठेवला.

मधे तेल आलं. मिना अल फहल बंदरातून पहिलं तेल जुलै १९६७मध्ये निघालं आणि त्याची आठवण म्हणून १९६९मध्ये काढलेला सेट माझ्याकडे पूर्ण आहे, डिंकासकट. १९७०मध्ये रियाल आला, एका रियालचे हजार बैसे. त्याच वर्षी २३ जुलैला काबूस सुलतान झाले, आणि पुढच्या वर्षी किल्ल्यांच्या त्याच तिकिटांवर जुनं नाव खोडून 'सल्तनत ऑफ ओमान' छापलं. खोडलेल्या पट्टीखालचं जुनं नाव उजेडासमोर धरलं की अजून वाचता येतं.

शेवटची पाच पानं पाणी आणि प्राणी यांची, आणि तिथेच मी अडकलोय. फलजचं पान निम्मं झालंय. फलज म्हणजे डोंगराखालचं पाणी मंद उताराच्या कालव्यातून, बरंचसं जमिनीखालून, गावात आणायचं आणि पाळीपाळीने वाटायचं. दिवसा काठीच्या सावलीवर, रात्री ताऱ्यांवर वेळ मोजत. असे सुमारे ३००० फलज अजून वाहतात. निझव्याच्या फलज दारिससह पाच २००६मध्ये जागतिक वारसा यादीत गेले.

ऑरिक्सचं, म्हणजे लांब शिंगांच्या पांढऱ्या वाळवंटी हरणाचं, पान लिहिताना मात्र हात जड होतो. ओमानच्या जिद्दत अल हरासिस या माळावरचा शेवटचा रानटी कळप १९७२मध्ये शिकाऱ्यांनी संपवला. परदेशी प्राणिसंग्रहालयांत वाढवलेल्या कळपातून १९८२मध्ये दहा जनावरं याच माळावर सोडली, हरासिस जमातीचे लोक राखणदार झाले, १९९६पर्यंत संख्या ४५०वर गेली. मग पुन्हा चोरटी शिकार सुरू झाली, संख्या ६५वर आली. सरकारने तिथलं ऑरिक्सचं अभयारण्य ९० टक्क्यांनी घटवलं आणि २००७मध्ये ते वारसा यादीतून वगळलं गेलं. यादीतून वगळलेली जगातली ती पहिली जागा. तिथे तेलाचा शोध सुरू होता, म्हणून हे पान मी तेलाच्या सेटच्या समोर लावणार आहे, दोन्ही एकदम नजरेत येतील असं.

सध्या शोधतोय ते नये पैशांचं एखादं तिकीट, मस्कतचा पूर्ण गोल शिक्का असलेलं. कोणाकडे दुहेरी असेल तर माझ्याकडे निझवा किल्ल्याची दोन मिंट (न वापरलेली) आहेत, बदल्यात देईन.