फसफसलं म्हणजे स्वच्छ झालं असं नाही

घरगुती क्लीनरचा कुठलाही व्हिडिओ उघडा, कुणीतरी सिंकमध्ये खाण्याचा सोडा टाकणार, वरून व्हिनेगर ओतणार आणि ते फसफसून वर आलं की म्हणणार बघा कसली घाण निघतेय! घाण कसली निघतेय, तो नुसता कार्बन डायऑक्साइड आहे हो. व्हिनेगर आम्ल, सोडा अल्कली, दोघं एकमेकांना मारून मोकळे होतात आणि मागे उरतं सोडियम अ‍ॅसिटेटचं पाणी, ज्याने ना तेलकटपणा जातो ना क्षार. बुडबुड्यांनी थोडंफार काही हललं तर हललं, पण तेवढ्यासाठी दोन चांगल्या वस्तू वाया कशाला घालवायच्या? वेगवेगळ्या वापरल्या तर दोन्ही उपयोगाच्या आहेत.

तसंच साबणाचं. खऱ्या साबणाच्या पाण्यात व्हिनेगर घातलं की ते दूध नासल्यासारखं फाटतं, वर पांढऱ्या चिकट गुठळ्या तरंगायला लागतात, कारण आम्लाने साबण मोडतो आणि त्यातलं तेलाचं आम्ल सुटं होतं. आणि असल्या मिश्रणाच्या रेसिपी लोक स्प्रेच्या बाटलीत भरून ठेवतात!

माझं म्हणणं एवढंच आहे की आधी डाग कसला ते बघा. नळावर, शॉवरवर, काचेवर, किटलीच्या तळाला जो पांढरा खरखरीत थर बसतो तो कठीण पाण्यातला क्षार, त्याला आम्ल लागतं म्हणजे व्हिनेगर नाहीतर सायट्रिक अ‍ॅसिड. आणि जे चिकट, मेणचट, तेलकट, घामट आहे त्याला अल्कली म्हणजे सोडा किंवा साबण. उलटं केलंत तर कितीही घासा, हात दुखतील फक्त.

किटलीचं बघायचंच असेल तर एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा सायट्रिक अ‍ॅसिड घाला, उकळी आली की बंद करून अर्धा तास विसरून जा. त्याआधी जरा वाकून बघा मात्र, थराच्या कडेकडेने बारीक बुडबुडे सुटत असतात, मग त्याचे पापुद्रे सुटे होतात आणि खालची चकचकीत धातू दिसायला लागते, घासणी लावावीच लागत नाही. नंतर एकदा साधं पाणी उकळून ओतून द्यायचं की झालं. नळाला व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं गुंडाळून ठेवलं तरी काम होतं, पण संगमरवराला हे अजिबात लावू नका कारण तो स्वतःच कॅल्शियम कार्बोनेट आहे, म्हणजे आम्ल क्षाराबरोबर दगडही खातं आणि जिथे थेंब पडला तिथली झिलई जाते ती पुसून परत येत नाही.

आता सोडा. खाण्याचा सोडा अगदी सौम्य, पीएच (आम्ल-अल्कलीचं माप, ७ च्या जितकं वर तितकी अल्कली तेज) ८ च्या आसपास, त्यामुळे हलकं घासायला आणि वास घालवायला ठीक पण कपड्यांच्या मळाला तो पुरत नाही. कपड्यांना धुण्याचा सोडाच हवा, त्याचा पीएच ११ च्या आसपास आणि तो कठीण पाण्यातलं कॅल्शियम बाजूला काढतो म्हणून साबणही कमी लागतो. मिळत नसेल तर खाण्याचा सोडा ट्रेमध्ये पातळ पसरून ओव्हनमध्ये २०० अंशाला तासभर ठेवा, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि उरतो तो धुण्याचा सोडा. ग्लोव्हज घाला मात्र, आणि अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्याजवळ तो नेऊ नका, काळं पडतं. लोकर आणि रेशमालाही नाही, ते प्रोटीनचे धागे, अल्कलीने खराब होतात.

लोकर-रेशमाला रिठे. बी काढून मूठभर टरफलं रात्रभर एक लिटर पाण्यात भिजवायची, सकाळी पंधरावीस मिनिटं मंद उकळायची, गार झाली की हाताने चांगली कुस्करायची, ती बुळबुळीत होऊन बोटांतून निसटायला लागली आणि फेस धरला की समजायचं सॅपोनिन, म्हणजे रिठ्यातलं फेस करणारं द्रव्य, उतरलं. तपकिरी पाणी गाळून घ्या, चोथा कंपोस्टमध्ये. वास थोडा आंबूस येतो, तो वाळल्यावर कपड्याला राहत नाही. हे पाणी दोनतीन दिवसांत खराब होतं म्हणून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवणं सगळ्यात सोपं. पण खरं सांगायचं तर रोजच्या कळकट कपड्यांना रिठे कमीच पडतात, पांढरे कपडे तर हळूहळू मळकट दिसायला लागतात आणि मग लोक म्हणतात नैसर्गिक काही चालत नाही. अहो, चुकीच्या कामाला लावल्यावर कसं चालणार!

आणि नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी हाही एक गोड गैरसमज. रिठ्यातलं सॅपोनिन माशांना विषारी आहे, मासे पकडायला अशा वनस्पती पाण्यात टाकायची पद्धत जुनी आहे, तेव्हा ते पाणी थेट ओढ्यात किंवा तळ्यात ओतू नका. डोळ्यात गेलं तर चांगलंच झोंबतं. टी ट्री ऑइल हे उग्र वासाचं वनस्पतीचं तेल मांजरांना बाधतं, त्यामुळे घरात मांजर असेल तर फरशीच्या पाण्यात ते घालायचं नाही, वास कितीही आवडत असला तरी.

पांढऱ्या कपड्यांसाठी सोडियम परकार्बोनेट घ्या, म्हणजे धुण्याचा सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एका पावडरमध्ये. ४० अंशाच्या वर गरम पाणी हवं, थंड पाण्यात तिचं काम फारच हळू होतं. कॉलरचा पिवळेपणा, चहाचे डाग यावर तासभर भिजवलं की फरक दिसतो, वर कडक उन्हात वाळवा, ऊन फुकटचं ब्लीच आहे. रक्ताच्या डागाला मात्र आधी थंडच पाणी, गरम लावलंत की तो पक्का बसलाच.

ही पावडर पाण्यात कालवून घट्ट झाकणाच्या बाटलीत कधीही ठेवू नका, ऑक्सिजन सुटत राहतो आणि बाटली फुटू शकते. जेवढी लागेल तेवढी बादलीत करा, उरलेली ओतून द्या. आणि घरात क्लोरीनचं ब्लीच असेल तर ते व्हिनेगर, लिंबू, सायट्रिक अ‍ॅसिड या सगळ्यांपासून लांब, वेगळ्या कप्प्यात ठेवा, एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. बाटल्यांवर मार्करने नाव आणि तारीख लिहा, नाहीतर पाण्यासारखं दिसणारं व्हिनेगर कुणीतरी पाणी समजून ब्लीचच्या बादलीत ओतेल.