कोरम, बिबडे आणि पाणी

आज १ मे. सकाळी झेंडावंदन झालं आणि लगेच मारुतीच्या पारावर ग्रामसभा. पारा इतका चढलेला की सतरंजीसुद्धा पोळत होती. (पार नाही, पारा.)

कोरम म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी: एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातला कमी आकडा. आम्ही मोजून ३७. मग शिपाई रजिस्टर घेऊन गल्लोगल्ली सह्या गोळा करत फिरला. बाया बिबड्यांच्या, म्हणजे ज्वारीच्या पापडांच्या, घाट्यात (शिजवलेल्या पिठात) अडकलेल्या, त्यांनी पिठाच्याच हातानं सह्या केल्या. सभेत बसलेल्यांपेक्षा रजिस्टरात माणसं जास्त! हे सगळ्यांना माहीत, आणि मीही गप्प बसलो, खोटं कशाला बोलू.

ग्रामसेवक भाऊसाहेब पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीचं वाचत होते. त्यातले ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायचे, बाकीचे ४० टक्के गावाच्या गरजेप्रमाणे. लगेच दोघांनी पेव्हर ब्लॉकसाठी हात वर केला. पेव्हर ब्लॉकचं एवढं वेड कुठून आलं, देव जाणे.

तेवढ्यात मागून एक आजी उठल्या. "भाऊ, हाई समदं ऱ्हाऊ द्या. आमना गल्लीमा पानी कव्हय येई, ते सांगा."

सगळे हसले. मग कोणीच हसेना. गल्लीला सातव्या दिवशी पाणी, तेही रात्री दोनला.

आजींनी ठराव लिहून घ्यायला लावला, वाचून दाखवायला लावला, आणि मगच अंगठा दिला. पेव्हर ब्लॉक पुढच्या सभेवर गेले.

घरी आलो तर हौद कोरडा. आज पाण्याची पाळी होती म्हणे.