मार्चअखेरची एक सही

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी, २६ मार्च २०२४ ला, सकाळी साडेदहाला फोन वाजला. कानामागचा रंग अजून गेला नव्हता. पलीकडे पुण्यातल्याच एका कंपनीच्या अकाउंट्समधल्या मॅडम. फेब्रुवारीपासून मी फोन करायचो आणि 'सर मीटिंगमध्ये आहेत' असं सांगून ज्या फोन ठेवायच्या, त्याच. आज आवाजात साखर. "दादा, एक मेल टाकलाय. प्रिंट काढून सही-शिक्का करून लगेच पाठवता का? तुमचं पेमेंट तेवढ्यासाठीच अडलंय."

मी मराठी मजकुराची मांडणी करतो. पुस्तकं, दिवाळी अंक आणि पोटापाण्यासाठी कंपन्यांचे अहवाल. या कंपनीचा चौऱ्याऐंशी पानांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामांचा, अहवाल मी मराठीत लावून दिला होता. इंग्रजी फाइल देऊन 'फक्त मजकूर बदला' म्हणतात, तिथेच घोडं पेंड खातं. इनडिझाइन या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर हा आपल्या लिप्यांसाठीचा पर्याय लावला नाही तर जोडाक्षरं सुटतात, 'र्‍हस्व' वाचवत नाही. इंग्रजीला पुरलेल्या दोन ओळींमधल्या अंतरात वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांवर चढतात. अनुवाद श्रीलिपी या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये आलेला. युनिकोडमध्ये आणताना रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसले. तक्त्यांमधला एकेक रफार मी हाताने जागेवर आणला. शेवटचं प्रूफ रात्री दीडला गेलं, त्याला उत्तर 'थँक्स, गुड जॉब'. बिल १० जानेवारीचं, १,१२,००० रुपयांचं.

मेलमधलं पत्र माझ्याच नावाने टाइप केलेलं होतं. मथितार्थ असा, की सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार मी सूक्ष्म किंवा लघु उद्योगात मोडत नाही. आणि माझ्या बिलावर, पत्त्याच्या खालीच, उद्यम नोंदणी क्रमांक छापलेला! लहान उद्योगाची ही नोंदणी सरकारी पोर्टलवर आधारवरून फुकटात होते. चौकातला एजंट मला पंधराशे मागत होता, ते वेगळं.

त्या मार्चमध्ये सगळ्या अकाउंट्सवाल्यांची झोप उडाली होती ती आयकर कायद्याच्या ४३बी(एच) या कलमाने. नोंदणीकृत सूक्ष्म-लघु पुरवठादाराचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यायचे. मुदत उलटून ३१ मार्चलाही बाकी राहिले, तर त्या वर्षी तो खर्च धरायचा नाही, त्यावर कर भरायचा. यांच्या पर्चेस ऑर्डरवर ९० दिवस लिहिले होते, पण ४५ च्या वरची अट कायदा मानत नाही. म्हणजे माझे पैसे २४ फेब्रुवारीलाच द्यायला हवे होते. मी उद्योग नाही असं मीच लिहून दिलं, की त्यांचा प्रश्न मिटला.

दुपारी पुन्हा फोन. "सगळ्यांनी दिलंय दादा, फक्त तुमचंच राहिलंय. सही आली की आजच एनईएफटी." त्यात खोटं काही नव्हतं. त्याच कंपनीचे फोटो काढणाऱ्या माझ्या मित्राने सकाळीच सही केली होती आणि तासाभरात त्याचे पैसे जमा. "तुला तत्त्व जपायचंय की हप्ता भरायचाय?" त्याने विचारलं. हप्ता पाच तारखेचा होता. मी त्याला मनातल्या मनात लाचार म्हटलं. मग प्रिंट काढली, पेनचं टोपणही काढलं आणि तासभर नुसता बसलो.

संध्याकाळी दोन ओळींचं उत्तर लिहिलं: माझी नोंदणी आहे, प्रमाणपत्र सोबत जोडलं आहे, त्यामुळे हे पत्र देता येणार नाही. समोरून चिडीचूप. शनिवारी ३० तारखेला रात्री अकराला बँकेचा मेसेज आला, १,००,८०० जमा. दहा टक्के टीडीएस कापून बरोबर तेवढेच. उशिराबद्दल रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, म्हणजे तेव्हा सव्वावीस टक्के दराने व्याज मागता येतं. माझं दोन हजारांच्या वर झालं असतं. मागितलं नाही. थकलेल्या बिलांसाठीच्या सरकारी समाधान पोर्टलवर तेव्हा तक्रारही करता येत होती, पण ती करणाऱ्याला त्या गिऱ्हाइकाचं काम पुन्हा मिळालेलं मी पाहिलेलं नाही. मला तर तक्रार न करताही मिळालं नाही. मित्राला मिळतं.

आता खरी टोचणी. सदाशिव पेठेतले एक प्रकाशक मला वर्षानुवर्षं चेकने पैसे देतात. पुढची तारीख घातलेला चेक, वर "पंधरा तारखेच्या आत टाकू नका हं" आणि अर्धा कप चहा. त्यांच्याकडे त्या मार्चमध्ये दिवाळी अंकाचे अठरा हजार बाकी होते, म्हणजे कंपनीपेक्षा कितीतरी जुने. त्यांना ४५ दिवस सांगायला माझी जीभ रेटली नाही. इतकंच कशाला, त्यांचं बिल मी अजूनही जुन्या बिलबुकावर हाताने लिहितो. त्यावर उद्यमचा क्रमांक नाही. म्हणजे कंपनीने जे पत्र मागितलं, ते यांना मी न मागता देतोच आहे.

परवा एका नव्या, मोठ्या गिऱ्हाइकाचा व्हेंडर फॉर्म आला. पॅन, बँकेचा खातेक्रमांक, रद्द केलेला चेक, सगळं भरून झालं. शेवटच्या रकान्यात 'उद्यम क्रमांक (असल्यास)' असं लिहिलंय. फॉर्म तीन दिवस ड्राफ्टमध्ये पडून आहे.